तास नका मोजू, सोमाइट मोजा

एमएस्सी झूऑलॉजीला आलेल्या ज्युनियर्सचा दरवर्षी ठरलेला प्रश्न: "डेव्हलपमेंटल बायोलॉजी, म्हणजे भ्रूणाच्या वाढीचं शास्त्र, पाठ कशी करायची?" पाठ करूच नका. अंडी उबवा आणि आत काय चाललंय ते बघा. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांनी बाहेर येतं, पण आपल्या कामाचे पहिले तीनच दिवस.

किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत. अंड्यांसाठीच्या लेयर फार्मवर कोंबडे नसतात, म्हणून ती फलित नसतातच. हॅचरीतून, म्हणजे पिल्लं उबवतात तिथून आणा. आणि हो, आपल्या नागपूरच्या उन्हाचा धाक ठेवा! कोंबडी अंडं घालते तेव्हाच आतल्या भ्रूणात हजारो पेशी झालेल्या असतात. गारव्यात त्यांची वाढ थांबून राहते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला, की टेबलावरचं अंडं इन्क्युबेटरची वाट बघत नाही, आपलं आपणच वाढू लागतं, तेही वेडंवाकडं. अंडी पहाटे आणा, 15 ते 18 अंशांत ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. त्यासाठी कूलरची हवा पुरत नाही. माझं ऐकाल तर हे काम हिवाळ्यातच उरका.

इन्क्युबेटर 37.5 ते 38 अंशांवर, आत पाण्याचं भांडं. अंडं आडवं ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. भ्रूण बलकावर तरंगत त्याच बाजूला येतो. दुसऱ्या दिवशी अंडं कोमट सलाइनमध्ये हळूच फोडा. फिल्टर पेपरची छोटी रिंग कापून भ्रूणाभोवती टेकवा, बलकावरचा पडदा तिला चिकटला की बारीक कात्रीने रिंगच्या बाहेरून गोल कापा आणि चिमट्याने रिंगसकट उचला. बलक धुऊन मायक्रोस्कोपखाली धरा. साधारण 33 ते 36 तासांत हृदय थरथरायला लागतं, तेव्हा रक्ताला लाली आलेली नसते. काचेसारखी पारदर्शक नळी आपसूक आकसते, सुटते. लॅबमध्ये सगळ्यांची बोलती बंद होते ती इथे.

आता मुद्द्याचं. प्रॅक्टिकलच्या रेकॉर्डमध्ये "36 तासांचा भ्रूण" असं सगळेच लिहितात. त्याला फारसा अर्थ नाही. इन्क्युबेटर अर्धा अंश कमी असला, वीज गेली, अंडं चार दिवस जुनं असलं, की 36 तासांचा भ्रूण मागे पडतो. म्हणून 1951 मध्ये हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी कोंबडीच्या वाढीच्या 46 अवस्था ठरवल्या, त्या शरीर बघून, घड्याळ बघून नाही. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जे चौकोनी ठोकळे दिसतात ते सोमाइट. सातव्या अवस्थेत 1 जोडी, आठवीत 4, नववीत 7, अशा तीन-तीनने वाढत चौदावीत 22. एवढं गणित डोक्यात असलं की व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) कुठलीही स्लाइड पुढे सरकवली तरी घाम फुटत नाही. शेवटची जोडी अर्धवट दिसली तर ती धरू नका.

पावसाळ्यात बेडूकमासेही बघून घ्या. अंबाझरी, फुटाळा तलावांच्या कडेला किंवा साचलेल्या डबक्यांत ते जिथे आहेत तिथेच बघा; पकडून आणायची गरज नाही, कायदाही आड येतो. इथेही वय काही सांगत नाही. रूपांतराची सूत्रं थायरॉइडच्या हातात असतात. 1912 मध्ये गुडेरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. ग्रंथी काढून टाकली, तर बेडूकमासा नुसता मोठा होत राहतो, बेडूक होत नाही.

कीटकांसाठी लांब जायला नको. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पोसतात. अळी चार वेळा कात टाकते, मग कोष. बाहेर पडलेला पतंग काहीच खात नाही. सगळी शिदोरी अळीने आधीच बांधलेली असते.

नेट परीक्षा द्यायची असेल तर सीएसआयआरच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात पाचवं युनिट डेव्हलपमेंटल बायोलॉजीचंच आहे. तिथे नुसत्या व्याख्या कामाच्या नाहीत. अमुक ऊती काढून तमुक ठिकाणी लावली तर काय होईल, असं विचारतात. उत्तराआधी एक बघा: ऊती काढली तेव्हा भ्रूण कोणत्या अवस्थेत होता. लवकरच्या अवस्थेतली पुष्कळदा नव्या जागेप्रमाणे वागते, उशिराची आपलंच खरं करते.