कॅमेरा आणि लेन्सच्या ऑनलाइन सेलमधे खरी सूट कशी ओळखायची

सेल लागला की पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात टक्के दिसतात, ४० टक्के सूट, ५५ टक्के सूट, आणि बाजूला खोडलेली मोठी किंमत. ती खोडलेली किंमत आधी डोक्यातून काढून टाका. कॅमेरा बाजारात आला त्या दिवशी कंपनीने जाहीर केलेली ती किंमत असते, आणि दोन-तीन वर्षांनी त्या किमतीला तो कॅमेरा कुणीच विकत नसतं. म्हणजे रोज ज्या दराने मिळतो त्यापेक्षा थोडासाच खाली आणला तरी पानावर ३० टक्के सूट दिसू शकते. खरी सूट मोजायची ती गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तो ज्या दराने विकला जात होता त्या दराशी, आणि तो दर सेल लागायच्या आधीच आपल्याकडे लिहून ठेवलेला पाहिजे.

ॲमेझॉनवर घेणार असाल तर कीपा नावाची साईट आहे, वस्तूची लिंक टाकली की जुन्या दरांचा आलेख दिसतो. त्यात किमान वर्षभराचा काळ लावून बघा. नुसती सगळ्यात खालची रेघ बघू नका कारण कधीतरी एखाद्या दिवसापुरता कुणी विक्रेता फार कमी दर लावतो आणि तो माल कुणाच्या हाती लागलेलाही नसतो, म्हणून बहुतेक दिवस दर कुठे होता ते आधी बघायचं, मग आधीच्या सेलमधे किती खाली आला होता ते. आलेखात ॲमेझॉनचा स्वतःचा दर आणि बाहेरच्या विक्रेत्यांचा दर वेगळ्या रेघांनी दाखवतात, त्या दोन्ही एकमेकात मिसळू नका. सेलच्या आधी दोन-तीन आठवडे दर हळूच वर गेला आणि सेलच्या दिवशी परत जुन्याच जागी आला असं दिसलं तर तिथे सूट काहीच नाही. हा प्रकार इतका चालायचा की युरोपियन युनियनमधे २०२२ पासून नियमच लागू झाला, सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. ज्या दुकानाचा आलेख मिळत नाही तिथलं पान विशलिस्टला टाका आणि अधूनमधून दराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कंटाळवाणं काम आहे पण सेलच्या दिवशी याच्यासारखा दुसरा आधार नाही.

आता कॅमेऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी असते. कॅनन, निकॉन, सोनी यांच्या मोठ्या सवलती बऱ्याचदा कंपनी स्वतः ठरवते, ठराविक तारखांपुरती, त्यामुळे सगळ्या अधिकृत विक्रेत्यांकडे त्याच दिवशी जवळजवळ तोच दर दिसतो. ही चांगली खूण आहे. चार अधिकृत दुकानांत दर एकसारखा खाली आला असेल तर ती सूट खरी समजायला हरकत नाही, आणि मग घाई पण नको कारण एका ठिकाणी संपला तरी दुसरीकडे मिळेल. उलट सगळीकडे एक दर आणि एकच विक्रेता खूपच स्वस्त, असं असेल तर आधी विचारा का.

बहुतेक वेळा उत्तर ग्रे मार्केट असतं. म्हणजे माल खरा, पण दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला. अशा मालाला स्थानिक वॉरंटी मिळत नाही, आणि काही ठिकाणी तर पैसे देऊनही दुरुस्ती नाकारतात, निकॉनचं अमेरिकेतलं धोरण असंच आहे. पानावर ‘सेलर वॉरंटी’ किंवा ‘इंपोर्टेड’ असे शब्द दिसले, चार्जरचा प्लग वेगळ्या देशाचा असला, किंवा मॉडेलचं नाव आपल्याकडचं नसलं तर समजून जा. कॅननचा एकच कॅमेरा कुठे १५००डी, कुठे २०००डी, अमेरिकेत रेबेल टी७ आणि जपानमधे किस एक्स९० या नावाने विकला गेलाय, त्यामुळे बॉक्सवर कुठलं नाव आहे ते बघितलं तरी माल कुठून आलाय ते कळतं. विक्रेता अधिकृत आहे का ते त्याच्या पानावर बघू नका, कॅमेरा कंपनीच्या वेबसाईटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते तिथे बघा.

लेन्सच्या नावातलं प्रत्येक अक्षर वाचायचं, हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० लेन्स दोन प्रकारात आली, एकीच्या नावाच्या शेवटी व्हीआर आहे आणि दुसरीच्या नाही, फोटोत दोन्ही जवळपास सारख्या दिसतात. व्हीआर म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय, आणि ३०० मिलीमीटरला, म्हणजे पूर्ण झूमला, ती नसली की संध्याकाळच्या उजेडात हातात धरून फोटो काढणं फार अवघड जातं. शिवाय एएफ-पी लेन्स निकॉनच्या बऱ्याच जुन्या बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या नुसत्या कॅमेऱ्यावर, फोकसच करत नाही. कॅननची ईएफ ७५-३०० थ्री ही १९९९ ची लेन्स, त्यात स्थिरीकरण नाही, पूर्ण झूमला चित्र मऊ येतं, पण दोन लेन्सच्या किटमधे, म्हणजे बॉडी आणि लेन्स एकत्र विकतात त्या संचात, ती वर्षानुवर्षं दिली गेली आणि किटची सूट मोठी दिसण्यात तिचा मोठा वाटा आहे. किट बघताना साधी वजाबाकी करा, किटच्या दरातून नुसत्या बॉडीचा दर वजा करा, उरले ते लेन्सचे पैसे. तेवढ्यात तीच लेन्स एकटी घेतली असती का? नसती तर नुसती बॉडी घ्या आणि उरलेल्या पैशात एक ५० एमएम एफ/१.८ लेन्स बघा, तिला झूम नसतो पण कमी उजेडात ती चांगली चालते.

फारच स्वस्त दिसणारी बॉडी कुठल्या माउंटची आहे, म्हणजे तिच्यावर लेन्स बसवायची जागा कुठल्या प्रकारची आहे, हेही बघून घ्या. कॅननची ईएफ-एम माउंटची मालिका २०१२ ला सुरू झाली आणि आता बंद झालीये, त्या लेन्स पुढे कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या बॉडीवर लागत नाहीत, कारण ईएफ-एममधे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १८ मिलीमीटर आणि आरएफमधे २०, मधे ॲडॅप्टर बसवायला जागाच नाही. आहे तेवढ्यावर भागणार असेल तर जरूर घ्या, पण पुढे लेन्स वाढवायच्या असतील तर ती बॉडी स्वस्त पडत नाही. कॅननच्याच जुन्या ईएफ माउंटच्या लेन्सचं मात्र उलट आहे, कॅननचाच ॲडॅप्टर लावून त्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट उत्तम चालतात, त्यामुळे तिथली सूट माझ्या मते हमखास विचारात घेण्यासारखी.

दर खरोखर कधी पडतात, तर नवी पिढी आली की. सोनीचा ए सेव्हन थ्री २०१८ चा, ए सेव्हन फोर २०२१ ला आला तरी थ्री विकणं चालूच राहिलं. निकॉनचा झेड६ टू २०२० चा आणि झेड६ थ्री २०२४ चा, अशा वेळी मागच्या मॉडेलवरची सूट खरी असते कारण दुकानाला माल हलवायचा असतो. लेन्सचे दर मात्र बॉडीइतके पटकन उतरत नाहीत म्हणून चांगल्या लेन्सवर १०-१५ टक्के मिळाले तरी ती चांगली संधी समजा. सोनीची २४-७० जीएम २०१६ ची, वजन ८८६ ग्रॅम, २०२२ ची जीएम टू ६९५ ग्रॅम. दिवसभर गळ्यात घालून फिरणार असाल तर १९१ ग्रॅमचा फरक मानेला कळतो, स्टुडिओत ट्रायपॉडवर काम असेल तर पहिलीच घ्या आणि पैसे वाचवा.

फुकट वस्तूंच्या गठ्ठ्याला भुलू नका. बॅग, छोटा ट्रायपॉड, समोर फिरवून लावायच्या वाइड आणि टेली काचा, नाव नसलेला फिल्टर, यातलं बहुतेक कपाटात पडून राहतं आणि त्या काचा तर चित्र खराबच करतात. मेमरी कार्डवर व्ही३० लिहिलंय का बघा, म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. कार्ड हातात आलं की एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, खोट्या कार्डवर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याच्या निम्मीही नसते.

रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेला आणि दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, माल कंपनीने स्वतः तपासून विकलेला असेल तर मला तो सेलपेक्षाही बरा सौदा वाटतो, फक्त वॉरंटी किती महिन्यांची ते वाचा आणि शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत शटर किती वेळा चाललंय तो आकडा, विचारा. निकॉन डी८५० चं शटर २,००,००० वेळा आणि कॅनन ५डी मार्क फोरचं १,५०,००० वेळा चालेल असं धरून तपासलेलं असतं, त्या हिशोबाने किती आयुष्य वापरून झालंय ते लावता येतं. ‘व्हाइट बॉक्स’ लेन्स म्हणजे किट फोडून वेगळी विकलेली लेन्स, माल नवा असतो पण वॉरंटी कार्ड आहे ना एवढं विचारून घ्या.

सेलच्या दिवशी कार्टमधे शेवटचा आकडा बघूनच तुलना करा, कारण बँकेच्या कार्डाची सवलत, कूपन, शिपिंग, हप्त्यांची प्रोसेसिंग फी हे सगळं तिथेच कळतं, आणि नंतर मिळणारा कॅशबॅक हातात येईपर्यंत हिशोबात धरू नका.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील, बॉक्सवरचा सिरियल नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकाच फ्रेममधे दिसू द्या. मग त्याच दिवशी ट्रायपॉड लावून विटांच्या भिंतीचा फोटो घ्या, अगदी समोरून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, म्हणजे एफचा आकडा सगळ्यात लहान लावून, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त धूसर असेल तर आधी कॅमेरा भिंतीला सरळ आहे ना बघून परत एक फोटो घ्या, तरीही तोच कोपरा धूसर आला तर आतली काच सरकलेली असू शकते. लेन्सची टोपी लावून एक काळा फोटो घ्या, त्यात लाल-निळे ठिपके दिसतात का बघा, ते सेन्सरवरचे बिघडलेले बिंदू असतात. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत उरकायचं, आणि तोवर बॉक्स, पिशव्या, बारकोडचा तुकडा काहीही फेकायचं नाही.