मुका मार लागल्यावर या चुका टाळा

निफाडकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टर कलंडतो, लासलगावात कांद्याच्या गोण्यांची थप्पी अंगावर येते, नाशिकच्या द्वारका चौकात दुचाकी घसरते. जमलेल्या लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "रक्त नाही ना आलं? मग मुका मार आहे."

घोळ इथेच होतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं तर त्यातलं १ ते १.५ लिटर मांडीतच साचू शकतं, कंबरेची हाडं मोडली तर त्याहूनही जास्त. बाहेर थेंबही दिसत नाही.

"बीपी नॉर्मल आहे" यावरही विसंबू नका. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवून धरतं. साधारण ३० टक्के रक्त गेलं की मगच आकडा कोसळतो. त्याआधी नाडी शंभराच्या वर पळते, हातपाय गार पडतात, चिकट घाम येतो, तहान लागते, माणूस बेचैन होतो, बडबडतो. अशाला 'प्यायलाय' म्हणून बाजूला बसवलेलं पाहिलं की संताप येतो. बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची तर नाडीही वाढत नाही. मार डाव्या बरगड्यांना आणि दुखतोय डावा खांदा, तर प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा, रक्ताने भरलेला अवयव) फाटल्याची शंका घ्या.

सूज चोळू नका, शेकू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. या वेदनाशामकांनी रक्त गोठायला अडथळा येतो. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून चहापाणीही नको.

१०८ ला फोन करा, जखमीला आडवं ठेवा, पांघरूण घाला. कंबरेची हाडं मोडल्याची शंका असेल तर मांड्यांच्या वरच्या टोकाशी, खुब्यांवरून चादर घट्ट बांधा. गल्लीतल्या दवाखान्यात सलाइन लावत बसण्यात वेळ जातो. सलाइन म्हणजे रक्त नव्हे, उलट उरलेलं पातळ होतं. सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि रक्त मिळेल तिथेच न्या. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड ३ तासांच्या आत दिलं तरच कामाचं.

पायाला मार असेल तर दुसऱ्या दिवशीही पोटरीवर लक्ष हवं. ती दगडासारखी कडक झाली, पायाची बोटं ओढताच कळ मस्तकात गेली, तर पायाची नाडी लागतेय म्हणून थांबू नका. आतल्या सुजेच्या दाबाने स्नायू काही तासांत मरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा ते सांगा.