जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: आधी डेस्कटॉप पारखून घ्या
४ जीबी रॅमवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) अडखळत असेल, तर दोष बहुधा लिनक्सचा नसतो, त्यातला ग्नोम डेस्कटॉप (खिडक्या, मेन्यू दाखवणारा भाग) जड पडतो. लिनक्स मिंट हे दुसरं लिनक्स सिनॅमन आणि हलक्या एक्सएफसीई अशा दोन्ही डेस्कटॉपच्या रूपांत मिळतं. १६ जीबी पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हे पेनड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करू देणारं साधन टाका (आधीचा डेटा पुसला जातो) आणि मिंटच्या दोन्ही रूपांच्या आयएसओ फाइल (डाउनलोड केलेली पूर्ण सिस्टिम) त्यावर नुसत्या कॉपी करा. इन्स्टॉल न करता एकेक चालू करा, ब्राउझरमध्ये तेच चार टॅब उघडा, सिस्टिम मॉनिटरमध्ये मेमरी बघा. पेनड्राइव्हवरून अ‍ॅप उशिराच उघडतात, त्यावरून वेग ठरवू नका. वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे मात्र नक्की तपासा. एकाच सिस्टिमवर दोन डेस्कटॉप टाकणं टाळा. मेन्यूत फाइल मॅनेजर, सेटिंग्ज सगळं दुहेरी होऊन बसतं.