नदीतल्या शिंपल्यांची नोंद कशी ठेवावी

कोकणात शिंपले म्हटले की तिसऱ्या, मुळे, कालवं आठवतात, सगळी खाडीची. पण भरतीचं पाणी जिथवर पोचत नाही तिथल्या कोंडांत, म्हणजे नदीच्या डोहांत, गोड्या पाण्यातले शिंपलेही असतात. बाहेरून काळपट-तपकिरी, आतून मोत्यासारखे चकचकीत. वाळूत अर्धे रुतून ते दिवसभर पाणी गाळतात. ते कुठे तगून आहेत, हे गावकऱ्यांनीच दरवर्षी पाहायला हवं.

जागा. कपडे धुणाऱ्या बायकांना, गरी टाकणाऱ्यांना विचारा. त्यांना ठाऊक असतं. काठावर रिकामी कवचं पडलेली असतील तर शोध तिथूनच सुरू करा. शंभरेक मीटरचा पट्टा ठरवा आणि दरवर्षी तोच ठेवा.

वेळ आणि सावधगिरी. दिवाळीनंतर पाणी नितळलं की जा. एकटं उतरू नका, गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे नकोच. वाशिष्ठी आणि जगबुडी या नद्यांत मगरी आहेत. शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी वाशिष्ठीत सोडलं जातं, त्यामुळे ऊन असतानाही पातळी चढते. पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका आहे, तेव्हा काठावर बसून नोंदी लिहा.

शोध. बादलीचा तळ कापून पारदर्शक ॲक्रिलिक बसवा, त्यातून तळ स्वच्छ दिसतो. दोघांनी तासभर शोधायचं ठरवलं तर पुढच्या वर्षीही दोघांनी तासभरच शोधायचं, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. एकही सापडला नाही तर शून्य लिहा. तीही नोंदच आहे.

मोजणी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. प्रत्येक शिंपल्याची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, आणि लहान किती मिळाले ते आवर्जून पाहा. शिंपल्याच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. ब्लीचिंग टाकून मासे मारले, बंधाऱ्याने माशांची वाट अडली, की म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं दिसत राहतात पण पिल्लं दिसत नाहीत. नुसती संख्या मोजणाऱ्याला नदी ठीकच वाटते!

जिवंत शिंपला जबरदस्तीने उघडू नका. ओला ठेवा, बाहेरून आणि बिजागरीकडून फोटो काढा आणि लगेच जिथला तिथे ठेवा. पाय बाहेर येतो ते टोक वाळूत खाली. एका नदीतला दुसऱ्या नदीत सोडू नका.

ओळख. इथे दोन गटांची शास्त्रीय नावं लक्षात ठेवा. लांबट असेल तर बहुधा लॅमेलिडेन्स. आखूड, गोलसर आणि बिजागरीजवळ नागमोडी वळ्या असतील तर पॅरेशिया. खात्री नसेल तर 'शिंपला' एवढंच लिहा. फोटो ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कवचं दाखवा.

बरेच शिंपले एकदम तोंड वासून मेलेले दिसले तर पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे आणि वेळ लिहून, फोटोंसह त्याच दिवशी ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. दुसऱ्या दिवशी ते पाणी तिथे नसतं.