ताकदीच्या व्यायामातील हलका आठवडा : नियोजन करताना या चुका टाळा

स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट अशा व्यायामांत टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेणाऱ्याच्या वेळापत्रकात अधूनमधून एक हलका आठवडा (डीलोड) असावा, हे आता बहुतेक जिममध्ये ठाऊक झाले आहे. त्या आठवड्यात नेमके काय कमी करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याबाबत मात्र बराच गोंधळ आढळतो. परिणामी हलका आठवडा घेऊनही अनेकांचा थकवा तसाच राहतो आणि ‘डीलोडचा काही उपयोग होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

या आठवड्यामागचे कारण आधी नीट समजून घ्यायला हवे. सलग कठोर व्यायामाने शरीरात क्षमता आणि थकवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढत असतात. थकवा लवकर चढतो आणि भार कमी केल्यावर लवकर उतरतो. क्षमता सावकाश येते आणि जातेही सावकाश. त्यामुळे आठवडाभर भार कमी ठेवला, तर थकवा ओसरतो, कमावलेली ताकद जवळजवळ तशीच राहते आणि थकव्याखाली झाकली गेलेली प्रगती पुढच्या आठवड्यात बारबेलवर दिसू लागते. नियोजनातील प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर तपासावा : याने थकवा उतरेल का, आणि ताकद टिकेल का?

वजन निम्मे, रेप्स तिप्पट

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक ही आहे. समजा, एखादी व्यक्ती १०० किलो वजनाने ५ रेप्सचे (रेप म्हणजे एकदा पूर्ण केलेली हालचाल) ५ सेट (सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सचा गट) स्क्वॉट करते. म्हणजे एका दिवसात एकूण २,५०० किलो वजन उचलले जाते. हलक्या आठवड्यात ती वजन ५० किलोवर आणते, पण ‘एवढ्याने काय होणार’ असे वाटून १५ रेप्सचे ५ सेट काढते. हिशेब केल्यास हे ३,७५० किलो होतात, म्हणजे कठोर आठवड्यापेक्षा दीडपट! हलक्या वजनाचा एकेक किलो जड वजनाइतका थकवत नाही हे खरे असले, तरी स्नायूंना विश्रांती मिळालेली नसते आणि जड वजन पेलण्याचा सराव मात्र आठवडाभर बंद पडलेला असतो. कसोटीच्या दोन्ही बाजूंनी हा तोटाच आहे.

याउलट, वजन ९० किलो ठेवून ४ रेप्सचे ३ सेट केले, तर एकूण १,०८० किलो होतात. काम निम्म्याहून कमी झाले, तरी हालचालीची लय आणि जड वजनाची सवय कायम राहिली. स्पर्धेपूर्वीच्या हलक्या काळावरील अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्यायामाची तीव्रता आणि दिवस तेच ठेवून एकूण प्रमाण साधारण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झालेला दिसला. ते अभ्यास धावपटू, जलतरणपटू आणि सायकलपटूंचे होते. तरीही ताकदीच्या व्यायामात हेच सूत्र आधाराला घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेट निम्म्यावर आणावेत, प्रत्येक सेट अजून तीन-चार रेप्स सहज निघतील अशा बेताने थांबवावा आणि वजन थोडेच कमी करावे. सांधे दुखत असतील, तर मात्र वजन अधिक खाली आणणे योग्य. पण रेप्स वाढवू नयेत.

पूर्ण सुट्टी

आठवडाभर जिमला न जाणे म्हणजे अनर्थ नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सवय असलेल्या काही जणांनी ९ आठवड्यांच्या कार्यक्रमाच्या मध्यावर एक आठवडा पूर्ण विश्रांती घेतली, तर इतरांनी व्यायाम सलग चालू ठेवला. दोन्ही गटांत स्नायूंची वाढ सारखीच झाली. ताकदीतील वाढ मात्र सलग व्यायाम करणाऱ्या गटात काहीशी जास्त आढळली. म्हणून प्रवास किंवा आजारपण असेल तर निश्चिंतपणे सुट्टी घ्यावी, पण ज्यांचे उद्दिष्ट ताकद हेच आहे त्यांनी ती नेहमीची पद्धत करू नये. पूर्ण खंडानंतरच्या पहिल्या दिवशी अंगही अधिक दुखते, हेही लक्षात असू द्यावे.

जिममध्ये वाचवलेले श्रम बाहेर खर्च करणे

हात मोकळे आहेत म्हणून याच आठवड्यात बॅडमिंटनचे जोरदार सामने खेळणे किंवा सिंहगड चढून येणे, हे अगदी सर्रास घडते. गड उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि अशा कामाने स्नायू सर्वाधिक दुखतात. पायांच्या कठोर व्यायामातून सावरण्यासाठी ठेवलेला आठवडा मग पायांच्या वेगळ्या कठोर व्यायामात जातो. सपाटीवर चालणे, सावकाश पोहणे एवढे पुरेसे आहे.

वेळ चुकणे

पहिल्या काही महिन्यांत वजने कमी असतात, त्यामुळे नवशिक्यांना ठरावीक हलक्या आठवड्याची गरज सहसा भासत नाही. त्यापुढच्या टप्प्यातील बहुतेकांना चार ते आठ आठवड्यांनी तो लागतो. वय जास्त, झोप अपुरी किंवा वजने फार जड असतील तर लवकर. शरीराने पूर्ण नकार देईपर्यंत थांबणे आणि एका वाईट दिवसाने घाबरून हलका आठवडा सुरू करणे, या दोन्ही चुका वहीत नोंदी नसल्यामुळे होतात. तेच वजन सलग दोन-तीन वेळा जास्त जड वाटले, रेप्स घटले, झोप बिघडली आणि सांधे कुरकुरू लागले, तर नियोजित तारखेची वाट पाहू नये.

आपल्याकडे गणपती, दिवाळी आणि गावाकडच्या जत्रेच्या तारखा आधीच माहीत असतात. हलके आठवडे त्यांच्याशी जुळवून घेणे शहाणपणाचे आहे. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी मात्र कमरेला बांधलेला ढोलही भार म्हणून मोजावा आणि मिरवणुकीच्या आठवड्यात डेडलिफ्ट व खांद्यांचे व्यायाम जवळजवळ बंदच ठेवावेत.

जेवण कमी करणे

‘व्यायाम कमी, तर जेवणही कमी’ हा हिशेब येथे लागू पडत नाही, कारण झीज भरून निघण्याचे काम याच आठवड्यात व्हायचे असते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. ७० किलोच्या व्यक्तीसाठी ती सुमारे ११२ ग्रॅम होतात. श्रावणात किंवा नवरात्रात हलका आठवडा येत असेल आणि उपवास असेल, तर नुसत्या साबुदाण्यावर राहू नये, कारण त्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्यांचे प्रमाण वाढवावे.

परतल्याबरोबर ताकद आजमावणे

ताजेतवाने वाटू लागताच सोमवारी नवा उच्चांक गाठण्याचा मोह होतो. तो आवरून आधीच्या कठोर आठवड्यातील वजनांपासून किंवा किंचित खालून सुरुवात करावी आणि पुढच्या दोन आठवड्यांत सेट पूर्ववत करावेत. नीट आखलेल्या हलक्या आठवड्यानंतरही वजने जडच वाटत असतील, तर लगोलग दुसरा हलका आठवडा घेण्याआधी झोप, एकूण आहार आणि नेहमीच्या आठवड्यातील सेटची संख्या तपासावी. पुष्कळदा मूळ वेळापत्रकच झेपण्यापलीकडचे असते. थकवा त्यानंतरही टिकला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि विशेषतः शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ची तपासणी करून घ्यावी. सांध्यात एकाच जागी तीव्र कळ येणे, सूज असणे किंवा पायात मुंग्या येणे ही थकव्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी तो व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे.