निऑन टेट्रा थेट टाकीत सोडू नका

दुकानातून आणलेले निऑन टेट्रा (काचेच्या टाकीत पाळायचे छोटे शोभेचे मासे) दोन-तीन दिवसांत एकेक करून मरतात. बऱ्याचदा कारण असतं पाण्यातला अचानक बदल. एअर पंपाची साधी नळी त्यावर पुरते.

१. टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी १५ मिनिटं टाकीत तरंगत ठेवा.
२. मासे पाण्यासकट बादलीत ओता. बादली कधीही साबण न लागलेली हवी, आणि टाकीच्या खाली ठेवायची.
३. नळीने टाकीतलं पाणी ओढून बादलीत सोडा. नळीला सैल गाठ मारा आणि ती आवळत सेकंदाला दोन-तीन थेंबांवर आणा.
४. पाणी दुप्पट झालं (अर्ध्या लिटरला साधारण तास लागतो) की मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. बादलीतलं पाणी झाडांना घाला.

सुरुवातीला अंगावरची निळी रेघ फिकट, राखाडी दिसते. घाबरू नका, मासे स्थिरावले की ती पुन्हा चमकते. आणि आठ-दहा तरी एकत्र आणा. दोन-तीनच असले तर बिचारे झाडामागे दडून बसतात.

मात्र मासे दिवसभर पिशवीत बंद राहून लांबून आले असतील, तर ही पद्धत नको. पिशवी उघडली की त्या पाण्यात माशांमुळे साचलेला अमोनिया जास्त विषारी होतो. तेव्हा फक्त तापमान जुळवा आणि मासे जाळीने लगेच टाकीत सोडा.