प्रोब चमकत नाही? मग या चुका टाळा

रिअल-टाइम पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवत चमकेवरून त्या मोजायची पद्धत) सिग्नल आला नाही की नवखी मंडळी आधी मशीनला शिव्या घालतात, मग एन्झाइमला, मग मॅग्नेशियमला. प्रोबवर, म्हणजे लक्ष्याला चिकटणाऱ्या रंग लावलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर, संशय कोणी घेतच नाही. तो तयार होऊन आलाय ना, मग बरोबरच असणार!

मीही हेच केलंय. फॅम हा चमकणारा रंग लावलेला एक प्रोब मागवला होता, आणि सिग्नल अगदी मरतुकडा यायचा. तीन आठवडे मॅग्नेशियम कमी-जास्त केलं, तापमान बदललं, नमुन्यातून डीएनए नव्याने काढला. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्याने प्रोबचा क्रम पाहिला आणि पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलं. ५′ टोकाला (सुरुवातीच्या टोकाला), फॅमला अगदी लागून ग्वानीन! डीएनएच्या चारही बेसमध्ये (अक्षरांमध्ये) इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज सोडतो तो ग्वानीन, आणि शेजारी फॅम असला की त्याची चमकच खातो. चमक दिसावी म्हणून एन्झाइमने प्रोब कापला तरी हा शेजारी फॅमला चिकटूनच राहतो. आता क्रम ठरला की मी सॉफ्टवेअरचा हिरवा शेरा बघायच्या आधी टोकाचं अक्षर बघतो. ग्वानीन दिसला तर एक-दोन बेस सरकतो, नाहीतर समोरच्या धाग्यावरून प्रोब घेतो.

दुसरं दुखणं म्हणजे चढलेलं बॅकग्राउंड, म्हणजे लक्ष्य नसतानाही दिसणारी चमक. यावर लोक प्रोबचं प्रमाण घटवतात, म्हणजे सिग्नलही घालवतात. माझी सवय वेगळी आहे. नवीन प्रोब आला की थोडासा घेऊन त्यात डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) टाकायचं आणि आधीची व नंतरची चमक मोजायची. प्रोबचे तुकडे झाले की रंग क्वेंचरपासून (प्रोबवरच्या चमक दाबणाऱ्या रेणूपासून) सुटतो, त्यामुळे चमक कित्येक पट वाढायला हवी. जेमतेम वाढली तर नळीत सुटा रंग आहे किंवा क्वेंचर नीट लागलेला नाही. पण हे मॅग्नेशियम असलेल्या बफरमध्येच करा; टीई या साठवणीच्या बफरमधलं ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि डीएनेज हात बांधून बसतं. तासाभराचं काम आहे, तरी 'वेळ नाही' म्हणणारे पुढे महिना घालवतात.

मॉलिक्युलर बीकन (केसाच्या पिनेसारखे दुमडलेले, लक्ष्य भेटलं की उघडून चमकणारे प्रोब) १९९६ पासून वापरात आहेत, तरी बॅकग्राउंड दाबायला त्यांचा दांडा, म्हणजे दोन्ही टोकं जुळून बनलेला भाग, लांबवणं काही थांबत नाही. साधारण ५ ते ७ बेसच्या जोड्या पुरतात. त्याहून लांब केलात तर लक्ष्य समोर असूनही बीकन उघडायला तयार होत नाही. तो कधी उघडतो हे बघायला तापमान चढवत चमकेचा आलेख काढा, एकदा नुसत्या बीकनचा आणि एकदा लक्ष्यासकट.

२६० नॅनोमीटरचं शोषण मोजून थेट प्रोबचं प्रमाण काढू नका, रंगही तिथे शोषतो. त्याचा वाटा वजा करा.

फॅमचा प्रोब नुसत्या पाण्यात विरघळवू नका. पाणी किंचित आम्लधर्मी झालं तरी फॅम मंदावतो. मी ८ पीएचचं टीई घेतो. साय-५ या दुसऱ्या रंगाला मात्र ७ च्या आसपासचा पीएच मानवतो.

आणि फॉइल गुंडाळा हो, नळी उजेडात ठेवून जेवायला जाऊ नका.